चार प्रक्रिया, चार स्मृती

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस, स्वदेशीच्या आवाहनांची चर्चा सुरू असताना, चेन्नईच्या झोहो कंपनीच्या ‘अरट्टै’ या संदेश-ॲपवर झुंबड उडाली. दिवसाला ३ हजार नव्या नोंदण्या होत. तीन दिवसांत त्या साडेतीन लाखांवर गेल्या, असे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी जाहीर केले. यंत्रणा तातडीने वाढवत असल्याचेही त्यांनी सांगितले. तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पा.

यंत्रणा वाढवणे म्हणजे नवे संगणक आणणे, एवढेच नव्हे. त्यातला न दिसणारा भाग विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरही पाहता येतो. पायथॉनमधले साधे वेब ॲप एकाच प्रक्रियेत चालू असेल आणि एका विनंतीला दोन सेकंद लागत असतील, तर दुसरा पाहुणा तेवढा वेळ ताटकळतो. आठपैकी सात कोअर जवळजवळ रिकामे बसतात. ‘गनिकॉर्न’ हा सर्व्हर टर्मिनलवरून सुरू करताना आज्ञेत ‘वर्कर्स ४’ हा पर्याय जोडला, की मूळ प्रक्रिया युनिक्सच्या ‘फोर्क’ या जुन्या युक्तीने आपल्या चार प्रतिकृती काढते. चौघीही एकाच पोर्टवर कान देऊन असतात; जी मोकळी, ती विनंती उचलते. एखादी कोसळली तर तिच्या जागी दुसरी उभी राहते. कोअरच्या दुपटीत एक मिळवावा, असा अंदाज या सर्व्हरच्या माहितीपत्रकात दिला आहे. आठ कोअरना सतरा.

मग शंभर का नकोत? हा प्रश्न विचारायलाच हवा. प्रत्येक प्रक्रिया थोडी मेमरी अडवते, हे एक. शिवाय प्रत्येकीची स्मृती स्वतंत्र असल्याने सामायिक गोष्टी डेटाबेसमध्ये ठेवाव्या लागतात, आणि गर्दी तिकडे सरकते. पोस्टग्रेसक्यूएल मूळ मांडणीत एका वेळी १०० जोडण्याच स्वीकारतो. प्रत्येक प्रक्रियेने पाच धरल्या तर विसांतच तो भरतो.

गप्पांच्या ॲपला हे अधिकच जाचते. पान मागणारा पाहुणा निघून जातो. गप्पा मारणारा मात्र जोडणी धरून बसतो, आणि त्याचा मित्र बहुधा भलत्याच प्रक्रियेशी जोडलेला असतो.

घरी पाहायचे असेल तर भेटींचा आकडा साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवावा आणि चार प्रक्रिया सुरू कराव्यात. पान पुन्हा पुन्हा उघडले की पाच, दोन, सहा, तीन असा आकडा मागेपुढे उड्या मारू लागतो.