ओटीपी पुण्याला जातो



सोयाबीन फुलातनं शेंगेत चाललंय. दुसरी फवारणी उरकली. आज पिकाचं काही लिहीत नाही. ई-पीक पाहणी चालू आहे, तर त्यावरनं माझीच एक चूक सांगतो.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. माझ्या बांधाला बांध लागून एका वहिनींचं अडीच एकर आहे. त्यांचे मालक माझे दोस्त होते, ते गेले. पोरगा पुण्याला कंपनीत. वहिनी एकट्याच शेत बघतात आणि माझ्यापेक्षा चांगलं बघतात. पिवळा मोझॅक आला की पहिलं झाड त्यांनाच दिसतं.

2023 च्या खरिपात मी माझी पीक पाहणी मोबाइलवर केली. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझं बी टाका की तेवढं." मी म्हणालो, "उद्या टाकतो." एका मोबाइलवरनं दुसऱ्या खातेदाराचीही नोंद करता येते, दहा मिनिटांचं काम. पण उद्या पाळीला गेलो, परवा बाजार होता. मुदत वाढली, तीही संपली. राहिलेल्या नोंदी नंतर वरनं व्हायच्या असतात, त्यांची तीही झाली नाही. सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोराच राहिला.

पुढच्या वर्षी त्याच खरिपाच्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी 5000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असं अनुदान आलं. यादी लागली. माझं नाव होतं, वहिनींचं नव्हतं. नंतर ई-पीक पाहणीची अट काढली, पण सातबाऱ्यावर पिकाची नोंद तरी पाहिजेच होती. ती कुठनं आणायची? अडीच एकर म्हणजे एक हेक्टर, सरळ पाच हजाराचा तोटा. एका बॅगेचं बियाणं, खत, फवारणी, सगळं त्यात बसलं असतं.

यादी लागली त्या दिवशी वहिनींनी विचारलं आणि मी खोटं बोललो. "सर्व्हर डाऊन होतं" म्हणालो. सर्व्हर डाऊन असतं हे खरंय, पण त्या वेळी मीच डाऊन होतो. रात्री झोप लागेना. सकाळी जाऊन खरं सांगितलं आणि पाच हजार पुढं केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही किती खेपा देणार? मला वाटलं तुम्ही टाकलंय. मला सातबारा वाचता येत नाही, म्हणून कळलं नाही."

मग त्यांच्यासोबत बसलो. तेव्हा कळलं की अडचण नुसत्या मोबाइलची नाही. मोबाइल पोरानं दिलेला होता, चांगला होता. पण आधारला नंबर पोराचा. इकडं बटण दाबलं की ओटीपी पुण्याला जातो. पोरगा शिफ्टमध्ये, फोन उचलत नाही, तोवर ओटीपीची वेळ संपते. सेतूवर अंगठा द्यावा तर खुरपून खुरपून बोटाच्या रेघा झिजलेल्या, मशीन घेत नाही. पीएम किसानची केवायसी यामुळंच अडली होती, ती शेवटी चेहरा दाखवून झाली. आणि आमच्या शिवारात रेंज फक्त लिंबाच्या झाडाखाली.

पण एक गोष्ट मला माहीतच नव्हती. वहिनींना अक्षर येत नाही, आकडे येतात! आठवडी बाजारात भाजी विकून आकडे पक्के झालेत. गट नंबर, खाते नंबर, ओटीपी, सगळे आकडेच की. बटणं कुठली दाबायची ते त्यांनी रंगावरनं आणि जागेवरनं ध्यानात ठेवलं. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी होत्या, मी नुसतं सोयाबीन टाकायला निघालो. त्यांनीच अडवलं, "तूर कुठं गेली माझी?" मिश्र पीक म्हणून नोंद केली. फोटो त्यांनी शेतात उभं राहून स्वतः काढला.

2024 च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी, लाइट गेलेली. नुकसानीची सूचना तेव्हा 72 तासांच्या आत द्यावी लागायची. मोबाइल गाडीच्या चार्जरवर लावला आणि लिंबाखाली उभं राहून वहिनींनी सूचना दिली. तक्रारीचा नंबर आला, तो त्यांनी कोळशानं भिंतीवर लिहून ठेवला. मी माझा नंबर कागदावर लिहिला होता, तो भिजून गेला. विम्याचं काय होतं ते पुढचं पुढं, पण मुदत चुकली नाही.

तेव्हापासनं दर मंगळवारी दिवे लागणीला आम्ही मारुतीच्या पारावर बसतो. मी, माझी बारावीतली पुतणी आणि ज्याला गरज आहे तो. नियम तीनच:

1. बटण ज्याचं त्यानं दाबायचं. आपण नुसतं बोट दाखवायचं. करून दिलं की माणूस पुढच्या वर्षी परत तिथंच.

2. आधारला स्वतःचा नंबर आधी जोडून घ्यायचा. 15 एप्रिल 2025 पासनं योजनांना फार्मर आयडी लागतो, त्यालाही ओटीपी आहेच.

3. ओटीपी फोनवर कुणालाच सांगायचा नाही. साहेब म्हणून बोलला तरी नाही.

पाहणी झाली की महिन्यानं सातबारा उघडून रकाना बघायचा. "टाकलंय" या शब्दावर विश्वास नको, माझ्याही नको.

कृषी सहायक मित्रांना एक विनंती. ग्रुपवर तुम्ही पीडीएफ टाकता, चांगलंय. पण निम्मं गाव त्या ग्रुपमध्ये नाही आणि जे आहेत त्यातल्या बऱ्याच जणांना ती वाचता येत नाही. तेच दोन मिनिटं बोलून पाठवा, आणि शेवटची तारीख देवळाच्या भोंग्यावरनं सांगायला लावा. तारीख कळली की माणूस मदत शोधतो.

यंदाची पाहणी वहिनींनी माझ्या आधी केली. काल बांधावर विचारत होत्या, "भावजी, तुमची झाली का?"

माझी राहिलीय. उद्या नाही, आज संध्याकाळीच करतो. तुमचीही राहिली असेल तर आजच करा, आणि शेजारच्या बांधावरही एकदा विचारून या.