रहूचा वास गोव्यात



रहू टाकून झाली. आकडे नेहमीप्रमाणे शेवटी दिलेत. पण रहूची गोणी उघडली तेव्हा मला गोव्यात चाखलेली दारू आठवली, ते आधी सांगतो. हसू नका. आणि ही दारूची जाहिरात नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

मी पिणारा माणूस नाही. तरुणपणी लग्नात-हळदीत घ्यायचो, खोटं कशाला बोलू. २०११ ला आमचा दादूस गेला आणि त्याच्या तेराव्याला वहिनीसमोर सोडली. दादूस म्हणजे आमच्याकडे मोठा भाऊ.

दादूसचं नाक म्हणजे यंत्र होतं. खारातली रहू त्याच्या नाकावर चालायची. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या खारपट्ट्यात बी भिजवून, गोणीत मोड आणून, चिखलावर फेकतात, त्याला रहू म्हणतात. दादूस गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे नाकाशी धरायचा. काकडी कापल्यासारखा वास आला की म्हणायचा, "उद्या सकाली फेकू." आंबूस आला की ओरडायचा, "गोणी तापली, पसरा लवकर!" मी दहावी झालो, पुस्तकं वाचली, पण हे त्याच्याकडूनच शिकलो.

मी दहावीला होतो त्या वर्षी रहू तयार आणि पावसाने दडी मारली. मोड वाढायला लागले. फेकावी तर जमिनीतला खार धुतलाच नव्हता. शेवटी दादूसने सगळं बी अंगणात वाळत घातलं. ऊन कडक होतं, दोन दिवसांत खडखडीत झालं. टाकून कसं देणार? वहिनी तेव्हा नवी नवरी होती. तिने ते कांडून दळलं आणि भाकऱ्या केल्या. त्या भाकऱ्या गोड लागल्या. गूळ नाही, साखर नाही, तरी गोड. ती चव मी चाळीस वर्षं विसरलो होतो.

पुढे एका उधाणाला बाहेरकाठ्याला खांड पडली. खारं पाणी आत आलं. खारातल्यांना ठाऊक आहे, एकदा समुद्र शेतात शिरला की दोन-तीन वर्षं भात विसरायचं. तेव्हा जमिनीला गिऱ्हाईक होतं. दादूस म्हणाला, "तीन वर्सं थांबून खाऊ काय?" त्याने त्याचा हिस्सा विकला. मी पडीक ठेवून मजुरीला गेलो. पैसा आला, गाडी आली, रोज बाटली आली. पैसा संपला, बाटली राहिली. बाटली परवडेना झाली तेव्हा गूळ-नवसागराची गावठी. आणि वर अभिमानाने सांगायचा, "पयल्या धारेची हाय!" अठ्ठेचाळीसाव्या वर्षी लिव्हर गेलं.

आता गोव्याचं. यंदा फेब्रुवारीत नातीच्या बारशाला मडगावला गेलो. आमचे जावई तिथे एका हॉटेलात बार काउंटर सांभाळतात. स्वतः पीत नाहीत, पण त्या विद्येत हुशार. बारसं झालं, पाहुणे गेले, आम्ही दोघे गॅलरीत बसलो. त्यांनी एक छोटा ग्लास आणला, वर निमुळता, कळीसारखा. तळाला बोटभरसुद्धा नाही.

मी म्हटलं, "जावईबापू, तुम्हाला माहीत आहे ना?"

"मामा, प्या म्हणत नाही. तुम्ही रहूचा वास ओळखता म्हणून मुलगी नेहमी सांगते. याचा नुसता वास घ्या आणि काय येतं ते सांगा."

वास घ्यायला वचन आडवं येत नाही. मी ग्लासात नाक खुपसलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते हसले. "खोल नाही. लांब धरा, तोंड थोडं उघडं ठेवा." मग आधी मधासारखं काहीतरी आलं. मग केळं. मग सुक्या लाकडाचा वास. आणि त्याच्या मागे एक वास, जो मला माहीत होता पण नाव सापडेना.

त्यांनी चमचाभर पाणी घातलं. "आता?"

शेवटी मी जीभ लावली. चमच्याच्या टोकाएवढी. वचन मोडलं म्हणा. आधी चटका बसला. दादूसच्या गावठीचा चटका घशात अडकून राहायचा. हा उतरला आणि मागे दाणा राहिला. भाजलेला, गोडसर दाणा. मला एकदम अंगण दिसलं, वाळत घातलेली रहू दिसली. मी म्हटलं, "हे मोड आणून वाळवलेलं धान्य आहे."

जावई माझ्याकडे बघतच राहिले. "मामा, हेच तर माल्ट!"

मग त्यांनी सगळं समजावलं. सिंगल माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेल्या जवाची आणि एकाच डिस्टिलरीत तयार झालेली व्हिस्की. जव आपण घटस्थापनेला पेरतो तेच. ते दोनेक दिवस भिजवतात, मग चार-पाच दिवस मोड येऊ देतात. आपली रहू ती हीच. दाण्यात पिठूळ सत्त्व असतं, रोपाला लागणारी शिदोरी. मोड येताना दाणाच एन्झाइम तयार करतो आणि ते त्या पिठाची साखर करू शकतात. आपण त्या वेळी दाणा चिखलात फेकतो, शिदोरी रोप खातं. ते तिथेच दाणा गरम हवेने वाळवून मोड थांबवतात, भरडतात, गरम पाण्यात साखर उतरवतात आणि यीस्ट घालून आंबवतात. शिदोरी यीस्ट खातं, दारू होते. मग तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून वाफ थंड करतात आणि ओकच्या पिंपात भरतात. वहिनीची भाकरी गोड का झाली होती, ते मला छप्पन्नाव्या वर्षी मडगावच्या गॅलरीत कळलं.

दुसऱ्या ग्लासातली वास घेताच ओळखली. "राब!" मे महिन्यात दाढ भाजताना येतो तसा धूर. स्कॉटलंडात दलदलीत हजारो वर्षं साचलेलं शेवाळ-गवत कापून वाळवतात, त्याला पीट म्हणतात. त्याच्या धुरावर मोड वाळवले की धूर दाण्यात शिरतो. राब भाजू नका म्हणून कृषी विद्यापीठ आपल्याला सांगतं, ते बरोबरच आहे. पण त्या धुराचे लोक पैसे मोजतात, हे ऐकून गंमत वाटली. त्या रात्री मी एकूण दोन चमचे घेतले असतील.

दुसऱ्या दिवशी जावई कुंकळ्ळीला घेऊन गेले. तिथे पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, बाहेरच्यांना दाखवतात. भारतात सिंगल माल्टची वाट आधी बंगळुरूच्या अमृतने पाडली. त्यांनी २००४ मध्ये ती थेट स्कॉटलंडात, ग्लासगोला नेऊन विकायला काढली. गोव्याची ही २०१२ मध्ये लंडनला पहिल्यांदा आली. जव उत्तर भारतातलं, सहा ओळींच्या कणसाचं. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जे स्वस्तात विकतात त्यातल्या बऱ्याचशा मालात उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. युरोपात त्याला व्हिस्की म्हणू देत नाहीत, तिथे धान्याचीच लागते.

तिथे मला दोन गोष्टींनी गप्प केलं.

पहिली गोष्ट, धार. तांब्याच्या भांड्यातून पहिली जी धार येते ती ते घेत नाहीत. ती उग्र असते. शेवटचीही घेत नाहीत. दोन्ही बाजूला काढून पुन्हा उकळायला घालतात आणि पिंपात फक्त मधली धार जाते. मला दादूस आठवला. आपल्याकडे पहिल्या धारेची म्हणजे अव्वल, आणि ज्यांना दारू खरोखर समजते ते नेमकी तीच बाजूला काढतात. त्याला हे कोणी सांगितलं असतं तरी तो थांबला नसता, हेही मला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट, थांबणं. स्कॉटलंडात कायद्यानेच कमीत कमी तीन वर्षं पिंपात ठेवावी लागते. ठेवलेल्यातली थोडी लाकडातून उडून जाते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. तिथल्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के, गोव्याच्या उकाड्यात ८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभर लिटर ठेवले तर पाच वर्षांनी सहासष्ट हातात. मी जावयांना म्हटलं, हा देवदूत नव्हे, हा खोत! आमच्या शेजारच्या चरीला १९३३ पासून सहा वर्षं शेतकऱ्यांनी संप केला, तो असल्याच वाट्यापायी. पण उकाड्यात लाकडाचा गुणही लवकर उतरतो, म्हणून गोव्याची चार-पाच वर्षांतच तयार होते.

रात्री वहीत हिशोब मांडला. एक टन माल्टमधून ढोबळ मानाने ४०० लिटर शुद्ध अल्कोहोल निघतं. ७५० मिलीच्या ४६ टक्क्यांच्या बाटलीत ते ३४५ मिली असतं. उडून जाणारं आणि मोड आणतानाची घट धरली तर एका बाटलीला दीड किलोच्या आसपास जव लागतं. २०२५-२६ च्या रब्बी खरेदीचा जवाचा हमीभाव होता १९८० रुपये क्विंटल. म्हणजे बाटलीत दाणा तीस रुपयांचा, आणि बाटली जाते हजारांत. मधल्या पैशात कर आहे, काच आहे, नाव आहे. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाच वर्षं माल कोंडून ठेवायची ऐपत. आपण भात दिवाळीपलीकडे घरात ठेवू शकत नाही, दुकानदाराची उधारी दारात उभी असते. दादूसलाही तीनच वर्षं थांबायचं होतं. मी काही त्याच्यापेक्षा शहाणा नव्हतो. माझ्या बायकोला अंगणवाडीत काम होतं, तेव्हा चूल त्यावर पेटत होती. म्हणून मी थांबू शकलो.

कोणी विचारेल, मग खारात जव घ्यायचं का? जव मीठ सोसतं हे खरं. पुस्तकी आकडा असा की जमिनीची क्षारता ८ डेसीसायमनपर्यंत त्याचं उत्पन्न घटत नाही, भाताचं ३ लाच घटायला लागतं. पण त्याला कोरडी थंडी हवी, ती आपल्याकडे नाही. भात निघाल्यावर खार पुन्हा वर येतो आणि गोडं पाणी नसतं. तरी हौस म्हणून येत्या नोव्हेंबरात एक गुंठा पेरून बघणार आहे. कृषी सहायक साहेब आणि इतर जाणकार, वाण सुचवा.

येताना जावई बाटली देत होते, मी घेतली नाही. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, हे पोरांनाही सांगून ठेवा.

घरी आलो तरी आठ दिवस वहिनीसमोर मान वर होत नव्हती. एका संध्याकाळी ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती, तेव्हा सांगून टाकलं. दोन चमचे घेतले म्हणून. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भावजी, लागली कशी?"

मी म्हटलं, "पाऊस लांबला होता त्या साली तू रहूची भाकरी केली होतीस बघ. तशी."

ती हसली. आणि मग पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "त्या भाकऱ्या तेंनी चार खाल्ल्या होत्या."

यंदा गोणी वहिनीनेच उघडली. मूठ नाकाशी धरली, मग माझ्यापुढे केली. काकडी. दुसऱ्या दिवशी सकाळी फेकली.

नोंद: पनवेल-३, सव्वा एकर, बी ४० किलो. मिठाच्या पाण्यात पोचट काढलं. २४ तास भिजवण, ४० तास गोणीत, दोनदा कोमट पाणी शिंपडलं. फेकताना चिखलावर पाण्याचा नुसता ओलावा. उगवण चांगली आहे, पण उत्तरेच्या कोपऱ्यात विरळ. तिथे खार अजून धुतला गेलेला नाही. उघाडी ओहोटीला उघडून पाणी काढतोय. आठ दिवसांनी पुन्हा लिहितो.