लकडगंज व्हाया गॅरेज

नागपूर मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनवर सीताबर्डीहून प्रजापती नगरकडे निघालात की खिडकीखालून धंद्यांचं नागपूर सरकायला लागतं. चितार ओळी म्हणजे मूर्ती घडवणाऱ्यांची वस्ती. आत इतवारीत लोहा ओळी, सराफा ओळी. नाव वाचलं की काय मिळणार ते कळतं, गुगल करायची गरजच नाही! पुढे टेलिफोन एक्स्चेंजला उतरून थोडं चाललं की लकडगंज. इथे पत्ता नाकाने शोधायचा. ताज्या चिरलेल्या सागवानाचा तो चामड्यासारखा, किंचित तेलकट वास आला, आरा मशीनची किंकाळी ऐकू आली, की समजायचं पोचलो.

आमच्या ऑफिसातली, म्हणजे मिहानमधली मंडळी वीकेंडला फुटाळा नाही तर खिंडसी, खिसा गरम असेल तर पेंच गाठतात. मी मार्च ते मे असे आठ वीकेंड लकडगंज आणि घरचं गॅरेज एवढंच केलं. कारण होतं एक पेटी. हत्यारांची, लाकडाची, चांगली पेटाऱ्याएवढी मोठी.

बाबा मोतीबागच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये सुतार होते. मोतीबागला 2002 साली नॅरोगेजचं रेल्वे म्युझियम उघडलं ते बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, तिथली छोटी इंजिनं मुलांना फार आवडतात. छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 मध्ये थांबली, नागभीडची 2019 मध्ये. तोवर बाबा रिटायर झाले होते. नंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्या हाताला थोडा कंप आला आणि त्यांची स्वतःची हत्यारं गोणपाटात गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात गेली. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटं, गुण्या. चाळीसेक नग तरी असतील.

आता गॅरेज म्हणजे काय, तर लॅम्ब्रेटासाठी बांधलेली दहा बाय सोळाची खोली. गाडी बाहेर, आत रद्दी. फेब्रुवारीत चौकातला एक मुलगा मोमोच्या काउंटरसाठी ती भाड्याने मागायला आला. आकडा बरा होता. बेंगळुरूहून दादा म्हणाला, देऊन टाका. बाबा म्हणाले, "देऊन टाकू. हत्यारं भंगारात किलोवर जातीन." हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं ना, तो मला अजिबात आवडला नाही. मी म्हटलं, पावसाळ्यापर्यंत थांबा, मी पेटी करते. बाबांनी वर पाहिलं. "तू? काऊन?"

लकडगंजात पहिल्या दिवशी मला तीन दुकानांत एकच प्रश्न आला, "मॅडम, दरवाजा की पलंग?" पेटी म्हटल्यावर चहा आला. नागपुरात चहा आला की काम होणार, हे गृहीत धरायला हरकत नाही.

तिथे मी शिकलेला पहिला शब्द 'सीपी'. घानाचं सागवान, इक्वेडोरचं सागवान, बर्मा आणि सीपी. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस! इंग्रजांनी 1861 मध्ये केलेला प्रांत, नागपूर त्याची राजधानी. प्रांत नकाशावरून जाऊन सत्तर वर्षं उलटली, पण लाकडाच्या बाजारात तो अजून घनफुटाने विकला जातो. चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट या पट्ट्यातलं हे सागवान. वनविकास महामंडळाचं मुख्यालय आपल्या नागपुरात. त्यांच्या बल्लारपूरच्या आगारातून 2023 साली अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं आणि त्याच वर्षी उघडलेल्या नव्या संसद भवनातही नागपूरचं सागवान लागलं. आणि आपण नागपूरकर प्लायवूडला सनमायका चिकटवून त्याला फर्निचर म्हणतो. असो.

मी मात्र नवं लाकूड घेतलं नाही. बाजाराच्या मागच्या अंगाला जुनं सागवान मिळतं. महालात, इतवारीत जुनी घरं पडतात, त्यांच्या चौकटी, तुळया, पाट्या इथे येतात. वरून काळंकुट्ट, तेलरंगाचे चार थर. रंधा मारला की आतून मधासारखा रंग! पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड, आता नव्याने वाकायचं-फाटायचं त्याला फारसं कारण नाही. एकच अडचण, खिळे. आरा मशीनवाले काका चुंबक फिरवल्याशिवाय पातं लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. आतला एक खिळा लागला की पात्याचे दात गेले. माझ्या चार घनफुटांतून मूठभर खिळे निघाले, त्यातले काही चौकोनी, हाताने घडवलेले. ते मी ठेवून घेतलेत. सगळं लाकूड माझ्या फोनपेक्षा स्वस्तात पडलं, मग कस्तुरचंद पार्कला तर्री-पोहे.

"पत्र्याची पेटी आणली असती तर?" हे मला किमान दहा जणांनी विचारलं. तर ऐका. नागपूरचा मे कोरडा ठणठणीत आणि जुलै ओलाचिंब. पत्र्याला रात्री आतून घाम सुटतो आणि हत्यारांना गंज चढतो. सागवानात अंगचं तेल असतं, लोखंड त्याच्याजवळ सुखात राहतं. जहाज बांधणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखलं होतं. पण त्याच सागवानात वाळूसारखी सिलिकाही असते, म्हणून धार लवकर जाते. हे मला फार उपयोगी पडलं, कसं ते सांगतेच.

डिझाइन शोधताना मला इंग्लंडचा एक बेंजामिन सीटन भेटला. चॅथम गावचा. 1796 च्या डिसेंबरात त्याच्या वडिलांनी त्याला लंडनहून सुतारकामाची हत्यारं घेऊन दिली आणि 1797 मध्ये त्याने त्यांच्यासाठी पेटी बनवली. पेटी, हत्यारं, अगदी यादीसकट आज रोचेस्टरच्या गिल्डहॉल म्युझियममध्ये आहेत. इतकी चांगली टिकली, कारण ती फारशी वापरलीच गेली नाहीत! बाबांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून झूम केलं आणि एवढंच म्हणाले, "पोट्ट्यानं कामच नाही केलं बे."

आमची पेटी सव्वातीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. एवढी लांब का? तर हाताची करवत आडवी, न वाकवता बसली पाहिजे. एवढी खोल का? खाली उभे रंधे, वर तीन सरकते ट्रे. वरचा ट्रे उथळ, त्यात रोजची पेन्सिल, गुण्या, पटाश्या. ट्रे मागे-पुढे सरकवले की कुठल्याही हत्याराला हात पोचतो, काही उपसावं लागत नाही. तळाच्या पाट्या गोंदाने चिकटवायच्या नाहीत, खिळ्यांवर ठेवायच्या, खाली दोन ठोकळे. तळ आधी कुजतो, उद्या तेवढाच बदलता येतो.

कोपऱ्यांना डव्हटेल जोड. एका पाटीला पारव्याच्या शेपटीसारखे दात, दुसरीला त्यांच्या मापाच्या खाचा. बसले की ओढून निघत नाहीत, कारण दाताचं टोक मुळापेक्षा रुंद. एका कोपऱ्याला माझ्या दोन सकाळी जायच्या. सकाळी म्हणजे सहा ते नऊ, त्यानंतर नागपूरच्या एप्रिलमध्ये गॅरेजात माणूस पापडासारखा भाजतो.

पहिला आठवडा बाबा आलेच नाहीत. दुसऱ्या आठवड्यात दारात खुर्ची आली. सागवानाने पटाशीची धार खाल्ली की मी दगडावर घासत बसायचे आणि ते खुर्चीतून ऐकायचे. होय, ऐकायचे. "कोन बदलून राह्यली तू. आवाज फाटून राह्यला." तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा उठले, पटाशी माझ्या हातातून घेतली. कंप असलेला तो हात दगडावर टेकला आणि स्थिर झाला! बोटांना टेकू मिळाला की कंप कमी होतो, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं असावं. त्यानंतर धार लावणं त्यांचं खातं झालं. माझ्या हातात आलेल्या पटाशीने मनगटावरचे केस उडायचे.

झाकणावरून आमचं वाजलं. झाकण म्हणजे चौकट आणि मधे रुंद फळी. मला फळी चौकटीत गच्च बसवायची होती, बाबा हटून बसले. लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत वाढतं. मेमधली फळी जुलैत चार-पाच मिलिमीटर फुगते. "आता घट्ट बसवशीन तं पावसाळ्यात चौकट फोडीन ते." मग फळी खाचेत सैल ठेवली, गोंदाचा थेंब नाही. ट्रेलाही दोन्ही बाजूंनी तेवढीच फट.

फिनिशला पॉलिश नको होतं. विदर्भात जवस काय कमी आहे? जवसाचं तेल, पण उकळलेलं घ्या, कच्चं महिनाभर वाळत नाही. चार पातळ हात, दोन हातांमधे एक दिवस. एक मात्र गंभीरपणे घ्या. तेल पुसलेलं फडकं चोळामोळा करून टाकू नका. वाळताना ते तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं, नागपूरच्या उन्हात तर विचारूच नका. पाण्यात भिजवा किंवा बाहेर मोकळं पसरून वाळवा.

लोहा ओळीतून बिजागऱ्या, कडीकोयंडा आणि चार चाकं आणली. चाकं हवीतच. सागवान घनफुटाला अठरा किलोच्या आसपास, म्हणजे नुसती पेटीच पन्नास किलोच्या वर, हत्यारं वेगळी. गोणपाट सोडून एकेक हत्यार बाबांनी स्वतः आत लावलं. दोन तास. दादा व्हिडिओ कॉलवर होता, शेवटी त्याचीच बॅटरी संपली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. झाकण अडकलं नाही. त्याच सुमारास मोमोवाला मुलगा पुन्हा आला. बाबांनी त्याला आत नेलं, चहा पाजला, ट्रे सरकवून दाखवले.

"मस्त आहे काका. मग भाड्याचं?"

बाबांनी दहा बाय सोळाच्या त्या जवळजवळ रिकाम्या खोलीवरून नजर फिरवली.

"जागा कुठी आहे सांग बरं?"

सध्या ते वर्कबेंचसाठी तुळई शोधून राह्यलेत. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं लकडगंजला जाणार आहोत, मेट्रोने.