निवडणुका बंद झाल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं

१९९४ साली कॉलेजातल्या निवडणुका बंद झाल्या, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. विद्यापीठांचा नवा कायदा आला आणि विद्यार्थी परिषद गुणवत्तेवर नेमायची ठरली. आदल्या वर्षीच्या परीक्षेत वर्गात जो पहिला, तो वर्गप्रतिनिधी. एनसीसी, एनएसएस, खेळ, सांस्कृतिक यांतून एकेक जण आणि प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली. विषय संपला. मी तेव्हा नोकरीत नवीन होते, राज्यशास्त्र शिकवत होते, आणि मतपेटी गेल्याचा सगळ्यांत जास्त आनंद झालेल्यांत मीही होते. पुढे कितीतरी वर्षं कुणी ‘निवडणुका परत आणा’ म्हणालं की मी हिरिरीने भांडायची. आता भांडत नाही. आता मला त्या हव्या आहेत.

जुनं मत उगाच झालेलं नव्हतं, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

आमचं कॉलेज नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. ऑगस्ट लागला की वर्ग ओस पडायचे. प्रत्येक वर्गातून एक सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, निवडून यायचा आणि हे सगळे सीआर मिळून जीएस, म्हणजे सरचिटणीस, निवडायचे. म्हणजे जीएसपदासाठी मतदार किती, तर पंधरा-वीस. एवढी मतं फिरवायला कितीसा पैसा लागतो? त्यामुळे सीआर ‘उचलले’ जायचे. जीपमध्ये घालायचं, महाबळेश्वरला न्यायचं, मतदानाच्या सकाळी थेट केंद्रावर आणून सोडायचं. कारखान्याच्या आणि पतसंस्थांच्या निवडणुकांत संचालकांचं जे चालायचं, त्याचीच ही रंगीत तालीम होती आणि जीप बहुधा त्याच लोकांच्या असायच्या. काही पोरं खुशीने जायची, काहींना नाही म्हणायची सोय नसायची. एका सीआरची आई दोन दिवस स्टाफरूमच्या दाराशी येऊन बसत होती, “मॅडम, पोरगं कुठं नेलंय तेवढं तरी सांगा.” पोरगं परत आलं ते नवं जर्किन आणि नवे बूट घालून. पुढचा महिनाभर माझ्या तासाला ते मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचं.

मुलींचं तर विचारूच नका. आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुली अर्ज भरायच्या दिवसापासून निकालाच्या मिरवणुकीपर्यंत घरीच. घरच्यांना तेवढं निमित्त पुरायचं. एक-दोघी त्या सुट्टीतून परत आल्याच नाहीत, पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या पत्रिका आल्या. त्यात १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज-निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झालेला. मुली वर्गात बसाव्यात एवढीच ज्या बाईची इच्छा होती, तिने निवडणुका गेल्याचा आनंद मानला, यात मला आजही काही वावगं दिसत नाही.

मग शांतता आली. परिषदेच्या बैठका होऊ लागल्या. चहा, बिस्किटं, स्नेहसंमेलनाची तारीख, फिशपॉन्ड ठेवायचे की नाही. एक गोष्ट मात्र मी तेव्हा पाहूनही नीट पाहिली नाही. नेमलेले हुशार विद्यार्थी आपल्यातून एक सचिव मतदानाने निवडायचे, आणि त्या मतदानाच्या आठवड्यात जीप पुन्हा कॉलेजच्या फाटकाशी उभी राहायचीच. फरक इतकाच, की आता तीत वर्गात पहिली आलेली पोरं बसायची. मी म्हणायची, बघा, निवडणुकीची जातच अशी. खरं तर मतदार मूठभर असले की त्यांना पळवणं स्वस्त पडतं, आणि नव्या कायद्याने मूठभर मतदार तसेच ठेवले होते. राज्यशास्त्राच्या बाईला हे कळायला इतका वेळ लागावा!

माझं मत हललं ते शिष्यवृत्तीच्या टेबलावर. ज्येष्ठ म्हणून ते काम माझ्याकडे आलं. बाहेरच्या वाचकाला शिष्यवृत्ती म्हणजे बक्षीस वाटतं. आमच्याकडे ती म्हणजे मुलगा कॉलेजात राहणार की नाही याचा निकाल. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सेतूवरची रांग, महाडीबीटीच्या पोर्टलवर अर्ज, आधारला जोडलेलं बँकखातं, अर्ज ‘सेंड बॅक’ झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. अनुसूचित जातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२० च्या अखेरीला केंद्राने नवी रचना आणली. साठ टक्के वाटा केंद्राचा, चाळीस राज्याचा, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. आलेल्या पैशातली फी विद्यार्थ्याने सात दिवसांत कॉलेजात भरायची. दिल्लीत बसून पाहिलं तर योजना चोख आहे. मधले दलाल गेले, संस्थांची खोटी पटसंख्या गेली. मी स्वतः या बदलाचं कौतुक केलं होतं, आणि त्यातलं निम्मं अजूनही करते.

पण एका मुलीचे पहिल्या वर्षाचे पैसे खात्यात पडले, तेव्हा ती दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसत होती. त्या पैशाला घरात आधीच वाटा फुटल्या होत्या. वडिलांनी ट्रॅक्टरवाल्याचं देणं भागवलं, उरलेल्यात किराणा. सात दिवस कधीच उलटले. ऑफिसने तिची गुणपत्रिका अडवून धरली. शिष्यवृत्तीसाठी कागद अडवू नका अशी परिपत्रकं निघत असतात. मी त्यांतलं एक प्रिंट काढून क्लार्कसमोर ठेवलं. तो चांगला माणूस, म्हणाला, “मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण संस्थेचा निरोप आहे.” अशी ती एकटी नव्हती.

प्रश्न बैठकीत मांडायला हवा होता. परिषदेवर नेमलेला एक मुलगा माझा आवडता विद्यार्थी, वाचणारा, नम्र. त्याला म्हटलं, तू विषय काढ, मी पाठीशी आहे. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मॅडम, माझी फी भरलेली आहे. आणि माझे इंटर्नलचे मार्क यांच्याच हातात आहेत.” मला त्याचा राग आला नाही. त्याला त्या खुर्चीवर कुणी बसवलं होतं? त्याच्या मार्कांनी आणि प्राचार्यांच्या सहीने. गुणपत्रिका अडकलेल्या त्या मुलीचं त्याच्यावर एका मताचंही ऋण नव्हतं.

त्यानंतर मी महाविद्यालय विकास समितीचं रजिस्टर वेगळ्या नजरेने पाहू लागले. ही समिती २०१६ च्या कायद्याने आली. कॉलेजचं अंदाजपत्रक, शुल्काच्या शिफारशी, नवे अभ्यासक्रम, सगळं तिथून जातं. शिक्षक आपले तीन प्रतिनिधी तिच्यावर निवडून देतात, शिक्षकेतर कर्मचारी आपला एक. आणि कायद्यानेच विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य आहेत. आमच्या रजिस्टरात उपस्थितांच्या यादीत त्या दोन ओळी दर बैठकीला टाइप व्हायच्या आणि पुढे सहीच्या रकान्यात ‘रिक्त’. जिमखान्याचं शुल्क वाढलं ती बैठक मला आठवते. मी सदस्य होते आणि हात वर करणाऱ्यांत होते.

त्या दोन जागा रिक्त, कारण त्याच कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या त्या फक्त कागदावर. १ मार्च २०१७ पासून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे. त्यात अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी कॉलेजातल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी थेट मतदानाने निवडायचे आहेत. दोन हजार पोरं जीपमध्ये घालून महाबळेश्वरला नेता येत नाहीत. माझ्या जुन्या भीतीला याहून चांगलं उत्तर कुणी देऊ शकलं नसतं. २०१९ च्या शैक्षणिक वर्षात निवडणुका घ्यायचं ठरलं. तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली, या पुढे ढकलल्या. मग कोविड आला. कोविड गेला, लोकसभा झाली, विधानसभा पुन्हा झाली. त्या सगळ्यांसाठी कॉलेजच्याच खोल्यांत मतदान केंद्रं लागली आणि आम्ही प्राध्यापकच बोटांना शाई लावत बसलो. वर्गातल्या फळ्याखाली बसून अठरा वर्षांचा मुलगा देशाचं सरकार निवडतो, दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात त्याला जिमखान्याच्या शुल्काबद्दल विचारत नाहीत. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय अठरावर आलं ते १९८९ मध्ये. हे मी दरवर्षी शिकवत होते, परीक्षेत टीप लिहा म्हणून विचारत होते.

‘कॉलेजात राजकारण नको’ हे वाक्य माझंच होतं, म्हणून त्याबद्दल जरा कडक बोलते. राजकारण कॉलेजातून गेलं कधी? विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर दहा जण निवडून देतात, संस्थाचालक आपले देतात, प्राचार्य आपले, प्राध्यापक आपले. २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटातल्या दहाच्या दहा जागा युवासेनेने जिंकल्या, समोर अभाविप होती. पक्षांचं काही अडलेलं नाही. शिकून बाहेर पडलेल्याला मत आहे, शिकत असलेल्याला नाही. आम्हा प्राध्यापकांच्या संघटना आहेत. २०१३ मध्ये आम्ही परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तो दोन महिन्यांहून जास्त चालला. आमच्या मागण्या रास्त होत्या असंच मी म्हणेन. पण ज्यांच्या परीक्षा होत्या त्यांच्याशी बोलायचं ठरवलं असतं, तरी बोलायचं कुणाशी?

आणि २०१७ चं मुंबई विद्यापीठ. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा निर्णय घाईने लादला गेला, निकाल रखडले, राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. बाहेरच्या विद्यापीठांत प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेवाचून अडकली. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून काढलं तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या महिन्यांत पक्षांच्या संघटना फाटकावर घोषणा देत होत्या आणि काही मुलं कोर्टात गेली. आत, जिथे तपासणीची पद्धत ठरली, तिथे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेलं कुणीही नव्हतं. असतं तर निर्णय थांबला असता असा माझा दावा नाही. निदान ‘तयारी झाली आहे का’ हे विचारणारं कुणी असतं, आणि त्या उत्तराची इतिवृत्तात नोंद राहिली असती.

माझ्या शंका संपल्या आहेत असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजारांपर्यंत, छापील पोस्टर नाही, फक्त हाताने काढलेली, पंचाहत्तर टक्के हजेरी, पक्षांचा पैसा नाही. दिल्ली विद्यापीठात २०२४ मध्ये विद्रूप केलेल्या भिंती स्वच्छ होईपर्यंत मतमोजणीच होऊ देणार नाही असं उच्च न्यायालयाने सांगितलं, आणि सप्टेंबरच्या मतदानाचा निकाल नोव्हेंबरच्या अखेरीला लागला. तेव्हा पाच हजारांची मर्यादा आमच्या तालुक्यात कोण पाळणार, हे मला पुरतं ठाऊक आहे. एकेका वाढदिवसाच्या फ्लेक्सला त्याहून जास्त लागतात. जातीची गणितं होतील, भाऊ-दादांचे फोन येतील. पहिल्या दोन-तीन वर्षांत एखाद्या कॉलेजात डोकी फुटतील आणि लगेच माझ्यासारखंच कुणीतरी म्हणेल, बघा, सांगत होतो.

मुलींची काळजी मात्र पूर्वीसारखी राहिलेली नाही. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या वर्गात मुलीच जास्त होत्या आणि घरच्यांपेक्षा त्यांचा स्वतःचा निर्णय मोठा व्हायला लागला होता. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते, तिच्यावरचे विद्यार्थी लोकशाही पद्धतीने निवडून यावेत असं यूजीसीच्या २०१५ च्या नियमांतच आहे. बहुतेक ठिकाणी तीही नावं प्राचार्यांच्या केबिनमध्ये ठरतात. वर्गात पहिली येणारी मुलगी अशा समितीवर बसून एखाद्या प्राध्यापकाविरुद्ध बोलेल, हे आम्ही गृहीत धरतो. इंटर्नलचे मार्क कुणाच्या हातात असतात ते त्या मुलाने मला सांगितलं आहे.

गुणपत्रिका अडकलेल्या मुलीचं काय झालं, असं कुणी विचारील. तिच्या मामांनी पैसे भरले, गुणपत्रिका मिळाली. बाकीच्यांना मामा असतीलच असं नाही.

तेव्हा शासनाला आणि कुलगुरूंना एवढंच सांगणं आहे की कायदा तुमचाच आहे, नवा करायची गरज नाही. जूनमध्ये प्रवेश सुरू व्हायच्या आधी तारीख जाहीर करा आणि विधानसभा-लोकसभेप्रमाणे तीही पाळा. मतदान केंद्रावर बसायला माणसं कमी पडली तर आम्हा निवृत्त प्राध्यापकांना बोलवा. मी येईन, मानधन नको.