पंचवीस तासांचा वाढदिवस

मुलांनो, दिवसाचे तास किती, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन 'चोवीस' म्हणाल. परंतु आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचा एकविसावा वाढदिवस पंचवीस तासांचा झाला. ही थट्टा नव्हे बरे का! इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळी घड्याळे एक तास पुढे करतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, पहाटेचे दोन वाजले की, ती पुन्हा एक तास मागे घेतात. मार्चमध्ये गेलेला तास असा ऑक्टोबरात परत मिळतो. या मुलाचा जन्म २६ ऑक्टोबरचा, आणि २०२५ साली ती तारीख नेमकी त्याच रविवारी आली.

हा मुलगा मालेगावचा. त्याच्या अब्बांचे आठ यंत्रमाग होते. मुलाला बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात पाठवायचे ठरले तेव्हा त्यांनी त्यातले चार विकले. ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण कारखान्यात पाऊल टाकले की अर्धी जागा रिकामी दिसते आणि आवाजही अर्धाच येतो. त्यामुळे हा मुलगा परदेशात जपून राहतो. एका पौंडाला शंभराहून अधिक रुपये पडतात, हा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चालू असतो. इंग्लंडमध्ये वर्ष काढले तरी त्याने लंडन पाहिले नव्हते. शेवटी अब्बाच फोनवर रागावले, "बेटा, तुला इतक्या लांब पाठवले ते काय खोलीच्या चार भिंती बघायला?" मग वाढदिवसाच्या मेजवानीसाठी राखलेल्या पैशांत त्याने बसचे तिकीट काढले आणि दोन दिवसांसाठी लंडनला गेला.

परत आल्यावर त्याने मला मोबाइलवर लांबलचक पत्र लिहिले, तेही मराठीत. शेवटी ताकीद होती, "सर, चुका काढा, पण गुण देऊ नका." मी अकरा चुका काढल्या. त्यांतल्या आठ लिंगाच्या होत्या. 'मोठी पूल' आणि 'जुना इमारत' तुमच्याही वहीत मला रोज भेटतात, तेव्हा हसू नका.

शनिवारी त्याने सगळे पाहतात तेच पाहिले. टेम्स नदीकाठचा पार्लमेंटचा घड्याळाचा मनोरा पाहिला. आपण त्याला 'बिग बेन' म्हणतो, पण ते आतल्या मोठ्या घंटेचे नाव आहे. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. ब्रिटिश म्युझियम पाहायला पैसे पडत नाहीत, म्हणून तेथे तो तीन तास रमला. तेथे १७९९ साली इजिप्तमध्ये सापडलेला रोझेटा दगड आहे. एकच मजकूर त्यावर तीन लिप्यांत कोरलेला आहे. त्यातली ग्रीक लिपी वाचता येत होती, म्हणून तिच्या आधाराने चित्रलिपीचे कोडे पुढे उलगडले. तुम्ही उजवीकडून डावीकडे उर्दू लिहिता आणि डावीकडून उजवीकडे मराठी. दोन लिप्या येणारा माणूस केव्हा कोणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

दुपारी तो किंग हेन्रीज रोडवरील दहा नंबरच्या घरासमोर जाऊन उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. "सर, त्यांनाही पैसे मोजूनच राहावे लागत असेल ना?" एवढेच एक वाक्य त्याने त्या घराविषयी लिहिले आहे.

संध्याकाळी साडेसात वाजता अम्मीचा फोन आला. मालेगावात रात्रीचे बारा वाजले होते, म्हणजे अम्मीच्या हिशेबाने वाढदिवस सुरू झाला होता! शनिवारी लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे होते. रविवारी उजाडले तेव्हा ते साडेपाच तास मागे गेले होते.

हा फरक कोठून मोजतात ते पाहायला तो रविवारी सकाळी ग्रिनीचला गेला. भूगोलात तुम्ही मूळ रेखावृत्त शिकता ना, ते या टेकडीवरच्या वेधशाळेतून जाते. १८८४ साली अनेक देशांनी मिळून तसे ठरवले. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून धरतात. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने साडेपाच तास बरोबर येतात. वहीत गुणाकार करून पाहा. वेधशाळेच्या आवारात जायला तिकीट आहे. आमच्या हिशेबी माणसाने बाहेरच्या पायवाटेवर भिंतीजवळ तीच रेषा शोधून काढली आणि एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिम गोलार्धात ठेवून फुकटात छायाचित्र काढले.

आता ज्या जागेसाठी मी हे सगळे सांगत बसलो आहे, तिच्याकडे वळतो. प्रवासी कंपन्यांच्या यादीत ती बहुधा नसते.

लंडनच्या पूर्व भागात ब्रिक लेन नावाचा रस्ता आहे. त्याला फोर्नियर स्ट्रीट मिळते, त्या कोपऱ्यावर विटांची एक जुनी इमारत आहे. ती आज जामे मशीद आहे. असरच्या नमाजासाठी म्हणून तो तेथे गेला. बाहेरच्या भिंतीवर उंचावर त्याला एक छायायंत्र, म्हणजे सावलीचे घड्याळ दिसले. त्यावर १७४३ हे साल होते आणि सावलीविषयीचे दोन लॅटिन शब्द. मशिदीवर लॅटिन कसे, म्हणून त्याने नमाजानंतर एका वृद्ध बांगलादेशी गृहस्थांना विचारले. ते उर्दू समजत होते.

त्यांनी सांगितलेली हकिकत अशी. फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट पंथाचे ख्रिस्ती लोक होते. त्यांना ह्यूगेनॉट म्हणत. १६८५ साली चौदाव्या लुई राजाने त्यांना दिलेले धर्मपालनाचे हक्क काढून घेतले, तेव्हा हजारो लोक देश सोडून पळाले. पुष्कळ जण लंडनच्या या भागात येऊन राहिले. १७४३ साली त्यांनी हे प्रार्थनाघर बांधले. पुढे त्यांची वस्ती पांगली आणि १८१९ साली ते मेथडिस्ट पंथाचे चर्च झाले. नंतर रशियाकडून छळामुळे पळालेले ज्यू येथे आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इमारतीत त्यांचे सिनेगॉग सुरू झाले. ज्यूही पुढे दुसऱ्या भागांत राहायला गेले, सिल्हेटकडचे बंगाली मुसलमान आले, आणि १९७६ साली तीच इमारत मशीद झाली. तिच्यासाठी कोणी लढाई केली नाही. एका वस्तीने बिऱ्हाड हलवले, दुसरीने मांडले. सावलीचे घड्याळ मात्र कोणीच काढले नाही.

नव्याने आलेल्यांना तेथे सुख मिळाले असे समजू नका. जवळच्या व्हाइटचॅपल रोडवर एक लहान बाग आहे. तिला आल्ताब अली या तरुणाचे नाव दिले आहे. तो कपड्याच्या कारखान्यात कामाला होता. ४ मे १९७८ रोजी कामावरून घरी जाताना वर्णद्वेषी मारेकऱ्यांनी त्याला ठार केले. त्यानंतर हजारो बंगाली लोक रस्त्यावर उतरले. आमचा मुलगा त्या बागेतल्या बाकावर थोडा वेळ बसला. आल्ताब अली त्याच्यापेक्षा काही फार मोठा नव्हता.

पण त्याचे मन खरे अडकले ते फोर्नियर स्ट्रीटवरच्या घरांत. तेथल्या जुन्या घरांच्या अगदी वरच्या मजल्याला, माळ्याला, लांबच लांब खिडक्या आहेत. इतक्या उंचावर इतक्या मोठ्या खिडक्या कशाला? त्या वृद्ध गृहस्थांनी सांगितले, "उजेडासाठी. ते ह्यूगेनॉट रेशीम विणत. माग माळ्यावर असत."

मुलगा लिहितो, "सर, मी रस्त्यात उभाच राहिलो. मला वाटले, मी आपल्या मोहल्ल्यात आलो."

मुलांनो, मालेगावचे अनेक मोमीन विणकर १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून पायी, बैलगाड्यांनी आले, हे तुम्ही घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. त्यांनीही नव्या गावात आधी माग मांडले आणि मशिदी बांधल्या. उर्दूत आपण 'ताना-बाना' म्हणतो, मराठीत 'ताणाबाणा'. फ्रेंचमध्ये काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण सूत उभे-आडवे तेथेही तसेच जात असणार.

लंडनचे ते माग आता नाहीत. यंत्रे आली, १८२६ साली परदेशी रेशमावरची बंदी उठली, स्वस्त माल येऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकात तो धंदा बसत गेला. विणकरांच्या मुलांनी दुसरे उद्योग धरले. हे वाचताना मला त्या मुलाच्या घरातली चार मागांची रिकामी जागा आठवली. त्यालाही तीच आठवली असावी, कारण पत्रात यानंतर एक ओळ लिहून खोडलेली होती. मोबाइलवर खोडलेले दिसत नाही म्हणाल. पण त्याने कागदावर लिहून त्याचे छायाचित्र पाठवले होते. लाल शाईची सवय दुसरे काय!

पावणेपाचच्या सुमारास मगरिब झाली. बस सुटायच्या आधी त्याने अब्बांना फोन केला. येथे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि मीही योगायोगाने कारखान्यात त्यांच्यासमोर बसलो होतो. मुलाने मनोरा सांगितला, नदी सांगितली, रेषेवर उभे राहिल्याचे सांगितले. अब्बा "अच्छा, अच्छा" म्हणत राहिले. मग त्याने खिडक्यांचे सांगितले. तेव्हा अब्बांनी एका हाताने खूण करून चालू माग बंद करायला लावला, म्हणजे नीट ऐकू यावे.

सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जिना केवढा होता?"

"अरुंद असणार, अब्बा. घरेच अरुंद आहेत."

अब्बांनी थोडा विचार केला. त्यांचे आजोबा हातमागावर विणत, आणि तो माग त्यांनी लहानपणी पाहिला होता. "मग सुटा करून नेला असणार," ते म्हणाले. "लाकडी माग सगळा सुटा होतो. वर नेऊन पुन्हा जोडायचा. दोन माणसांचे एका दिवसाचे काम."

एवढे बोलून त्यांनी माग पुन्हा सुरू करायला सांगितले.