हिशेबाबाहेरचं झाड

‘निसर्गात जा, मन शांत होईल’ हा सल्ला पुण्या-मुंबईत चालून जातो. मी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला मानसोपचाराचं काम करते, तिथे तो चालत नाही. समोर बसलेला संत्रा बागायतदार सरळ विचारतो, “मॅडम, सकाळपासून बगिच्यातच तं असतो मी. आता आखीन कोन्त्या निसर्गात जाऊ?”

त्याचं बरोबर आहे. काटोल, नरखेड, वरूड हा सगळा संत्र्याचा पट्टा. इथला माणूस हिरव्यातच जगतो, पण त्या हिरव्याकडे बघताना त्याला झाड दिसत नाही. त्याला फळगळ दिसते. पानावरची कोळशी, बुंध्यावरचा डिंक्या, विहिरीत उरलेलं पाणी, व्यापाऱ्याने फोनवर सांगितलेला भाव दिसतो. दिवाळीच्या सुमारास तर आंबिया बहाराचे सौदे चाललेले असतात. तेव्हा प्रत्येक फांदी म्हणजे पैसा, आणि गळून पडलेलं प्रत्येक फळ म्हणजे तोटा. डोळे पानावर आणि मन बँकेत.

निसर्गाचा मनावर परिणाम होतो, याबद्दल मला शंका नाही. अमेरिकेतल्या ग्रेगरी ब्रॅटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१५ सालचं संशोधन आहे. नव्वद मिनिटं झाडाझुडपांतून चालून आलेल्या लोकांच्या मनात तेच तेच विचार घोळणं कमी झालं होतं, आणि अशा घोळण्याशी संबंधित मेंदूचा भागही थंडावला होता. वाहत्या रस्त्याच्या कडेने चाललेल्यांत तसं झालं नाही. इंग्लंडमध्ये वीस हजारांच्या आसपास लोकांच्या पाहणीतून २०१९मध्ये आठवड्याला १२० मिनिटं हा आकडा पुढे आला. तेवढा वेळ निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान, दोन्ही बरी आढळली. पण हा आकडा काटोलला लावून पाहा. आमचा शेतकरी तो एका सकाळीच पार करतो, आणि तरीही रात्री त्याला झोप नाही.

याचं उत्तर मला रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या मांडणीत सापडतं. त्यांच्या मते जोर लावून एकाग्र केलेलं लक्ष थकतं. पानांची सळसळ, पाण्यावरचा उजेड अशा गोष्टी लक्ष अलगद खेचून घेतात, आणि तेवढ्यात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. मात्र त्यासाठी त्यांनी काही अटी सांगितल्या आहेत. त्यातली एक म्हणजे रोजच्या व्यापापासून दूर असणं. आपल्याच बगिच्यात उभ्या असलेल्या बागायतदाराला नेमकी हीच अट पुरी करता येत नाही.

म्हणून मी पेशंटला हिशेबाबाहेरचं झाड शोधायला सांगते. बांधावरचा कडुनिंब, जाम नदीकाठचा करंज, देवळामागचा पिंपळ, दारातला कढीपत्ता, कोणतंही चालेल. त्या झाडाकडून आपल्याला पैसा कमवायचा नसावा, एवढंच. फोन घरी ठेवायचा. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत जायचं, आणि बसण्याआधी काठीने जागा नीट पाहून घ्यायची, कारण विंचूकाट्याची भीती खरी आहे. डोळे उघडे ठेवायचे. आधी तळपायाखालची जमीन, मग अंगाला लागणारी हवा. त्यानंतर सगळ्यांत दूरचा आवाज आणि सगळ्यांत जवळचा आवाज. श्वास सोडताना थोडा सावकाश. मन भावाकडे, कर्जाकडे, मुलीच्या फीकडे जाणारच. ते गेलं हे कळलं की न चिडता परत आणायचं. खरा व्यायाम त्या परत आणण्यात आहे.

एका पेशंटच्या अंगणात कढीपत्ता होता. त्याच्या पानावर त्या बाईंना अळी दिसली. ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. हीच अळी संत्र्याची कोवळी पानं फस्त करते. त्यामुळे बाईंचा हात सवयीने चिरडायलाच गेला. मी म्हटलं, आज हिला राहू द्या, फक्त पाहा. त्यांनी काडीने हळूच डिवचलं, तशी डोक्यामागून नारिंगी रंगाची दुहेरी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. शत्रूला घाबरवायची तिची ती तऱ्हा. बाई वाकून पाहत राहिल्या. ती शिंगं परत आत जाईपर्यंत त्यांच्या तोंडून फवारणीचा शब्द निघाला नाही. जन्मभर ज्या अळीवर औषध मारलं, ती त्यांनी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.

ही रीत आपल्याला परकी नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्याची मुळं बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर नागपूर परिसरात बौद्ध धम्म घराघरांत पोचला. माहुरझरीजवळ विपश्यना केंद्रही आहे. पण तोडणीच्या दिवसांत तिथल्या शिबिराला कोण दहा दिवस घर सोडून बसणार? बागायतदारासाठी हे वीस मिनिटांचं झाड.

ताण म्हणजे काय, हे इथे समजावून सांगावं लागत नाही. आंबिया बहारासाठी थंडीत बगिच्याचं पाणी तोडतात, पानं मलूल होतात, मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत फूल फुटतं. तो ताण प्रमाणाबाहेर लांबला तर झाडच वाळतं. माणसाचंही तसंच आहे. त्याच्या आयुष्यात ताण येणारच. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं पाणी मात्र वर्षानुवर्षं तोडलेलंच असतं, आणि त्याचीच मला काळजी वाटते.

झाडाखाली बसून कर्ज फिटत नाही, गारपिटीने गेलेला बहार परत येत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. तो प्रश्न भावाचा, विम्याचा आणि धोरणाचा आहे. त्याची जबाबदारी शेतकऱ्याच्या श्वासावर टाकणं अन्याय होईल. शिवाय दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, तर त्यावर झाड हा उपाय नाही, उपचार लागतात. आणि जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोललं, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरांकडे नेणं जमत नसेल तर टेली मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन फुकट लागतो, आणि मराठीत बोलता येतं.