शिरोरेषेतली मोकळीक

देवनागरीत हस्ताक्षरी वळणाचा खेळकर फॉन्ट करायला घेतला की पहिला मोह होतो अक्षरं वेडीवाकडी करण्याचा. काना जरा कलता, वेलांटी लांबलेली, ‘म’ची गाठ सैल. कागदावर हाताने लिहिलेल्या एका शब्दात हे गोड दिसतं. फॉन्टात मात्र एकदा काढलेलं अक्षरच पुन्हा पुन्हा उमटतं. ‘मामा’ टाइप करून पाहावं: दोन्ही ‘म’ नेमके एकाच जागी सैल, दोन्ही काने एकाच कोनात कललेले, आणि हाताने लिहिल्याचा भास तिथल्या तिथे विरतो. म्हणून अशा फॉन्टचा खेळकरपणा लिहिण्याच्या गतीत शोधावा, असं माझं ठाम मत आहे; आणि देवनागरीत ती गती सगळ्यात आधी शिरोरेषेत दिसते.

रॉजे एक्सकोफाँ या फ्रेंच कलावंताने १९५३ साली ‘मिस्त्राल’ हा टाइप स्वतःच्या हस्ताक्षरावर बेतला आणि धातूच्या सुट्या खिळ्यांतून लहान रोमन अक्षरं सलग वाहती केली. आपली अक्षरं माथ्याशीच जोडलेली असतात, त्यामुळे इथला प्रश्न वेगळा. हाताने लिहिताना आधी शब्द होतो, मग त्यावर एका झटक्यात रेघ ओढली जाते. ती किंचित चढते, शेवटच्या अक्षरापुढे थोडी निसटते. फॉन्टात हीच रेघ अक्षरागणिक कापलेली असते आणि प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं एकाच उंचीवर, एकाच जाडीची ठेवावी लागतात, नाहीतर सांधा दिसतो. मोकळीक उरते ती टोकांच्या मधे: तिथे रेघ थोडी झुकू शकते, एखादा दंड तिच्यावर डोकावू शकतो, शब्दाच्या शेवटी ती निमुळती होऊ शकते. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ परिच्छेदातही वाचवतो, तो अशाच संयमामुळे. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांच्या या फॉन्टात स्केचपेनसारखी रेघ आणि ठळक तिरकेपणा आहे, पण हा कल हजारावर आकृत्यांत सांभाळलेला आहे.

एकेका अक्षराची तीन-चार रूपं देऊन ती आलटून पालटून आणावीत, असा आक्षेप येईल. तंत्र आहे, आणि काना, ‘र’, ‘त’ अशा सतत येणाऱ्या आकृत्यांसाठी ते जरूर वापरावं. पण सगळ्या जोडाक्षरांना पर्याय द्यायचे तर काम तिप्पट-चौपट होतं आणि वाचकाला त्यातलं फारच थोडं जाणवतं. मग शिरोरेषाच काढून टाकावी? भरभर लिहिणारे कितीतरी लोक ती देतच नाहीत. इथे खरी जोखीम आहे. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्या वेगळ्या ओळखू येतात त्या बऱ्याच अंशी ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या माथ्यावर सोडलेल्या फटीमुळे. रेघ गेली की फटही गेली. मग सगळा भार डावीकडच्या वळशावर येतो आणि तो मुद्दाम मोठा काढावा लागतो. ‘धन’चं ‘घन’ वाचलं जात असेल, तर तो फॉन्ट कितीही लाघवी असो, माझ्या लेखी अपुराच.

वापराचंही असंच. चित्रकथेतले संवाद, मुंजीची पत्रिका, लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी, पाठ्यपुस्तकाच्या समासातली सूचना: जिथे कोणीतरी कोणाशी बोलत असतं, तिथे हे वळण शोभतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या नावासाठी मात्र मी अजूनही अक्षरांकन करणाऱ्या माणसाकडेच जायला सांगेन, कारण ते एकच नाव एकदाच लिहायचं असतं आणि तिथे शिरोरेषा हवी तशी चढू शकते. औषधाच्या वेष्टनावर मात्रा किती घ्यायची हे सांगायला हा फॉन्ट कधीच वापरू नये.